‘लोन स्टार’मधले कोणते प्रसंग कापता येतील?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमचा पहिला चित्रपट संकलनाच्या टेबलावर आहे, लहान गावात तीस वर्षांपूर्वी झालेल्या खुनाची ती गोष्ट आहे, सध्याची लांबी 2 तास 21 मिनिटे आहे आणि वितरकाने त्यातली 18 मिनिटे काढायला सांगितली आहेत. कोणीतरी तुम्हाला जॉन सेल्स यांचा 1996 चा ‘लोन स्टार’ पाहायला सुचवले. तो तुम्ही दोनदा पाहिलात, आणि आता तुमची तक्रार अशी की, त्यातल्या निम्म्या प्रसंगांचा खुनाशी संबंध नाही, संशयित पहिल्या अर्ध्या तासातच कळतो, नायकाची प्रेमकथा मध्येच घुसवल्यासारखी वाटते, तरीही तो 135 मिनिटे चालतो आणि जाणकार त्याला नावाजतात; मग त्याला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा का?

गेली चोवीस वर्षे मी संकलन करतो आहे. त्यातले सहा चित्रपट कोणत्या ना कोणत्या खुनाभोवती फिरणारे होते, आणि त्यांपैकी एक मी स्वतःच्या हाताने बिघडवला, त्याबद्दल पुढे लिहितो. ‘लोन स्टार’चा शेवटही पुढे उघड करावा लागणार आहे, तेव्हा ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा आणि मगच हे वाचावे.

प्रेक्षक ‘संथ वाटला’ म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे खरे असते, पण त्याने दाखवलेली जागा बहुधा चुकीची असते. शाळेच्या प्रसंगात कंटाळा आला, असे तो सांगतो. कंटाळा तेथे जाणवला हे खरे. परंतु त्याचे मूळ बहुतेक वेळा दहा-बारा मिनिटे मागे सापडते, जेथे त्याच्या मनातला एकुलता एक प्रश्न सुटून गेला आणि नवा प्रश्न कोणी त्याच्या हाती दिलाच नाही. त्यामुळे 18 मिनिटे कोठून काढायची हे नंतर ठरते. आधी पाहायचे ते हे की, तुमच्या चित्रपटात प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न किती वेळा बदलतो.

काही गोष्टी मला येथून सांगता येणार नाहीत. तुमचा चित्रपट आधी चित्रपटगृहात जाणार की थेट ओटीटीवर, तुमच्या मुख्य नटाचा चेहरा गप्प बसला असताना किती वेळ पाहवतो, जास्तीचे चित्रीकरण तुमच्याकडे आहे की नाही आणि वितरकाशी झालेल्या करारात लांबीविषयी नेमके काय लिहिले आहे, यांवर बरेच अवलंबून आहे. तेव्हा मी ‘लोन स्टार’ कसा बांधला आहे तेवढे उलगडतो. तुमच्या टाइमलाइनवर त्यातले काय लागू पडते ते तुम्हीच ठरवा.

गोष्ट टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या फ्रॉन्टेरा या काल्पनिक गावात घडते. चित्रीकरण मात्र ईगल पास, डेल रिओ आणि लारेडो या खऱ्या सीमावर्ती गावांत झाले. टेक्सासला अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणायचे की पश्चिम, यावर जाणकार वाद घालतील. माझ्या मते 1861 मध्ये गुलामगिरीच्या बाजूने संघराज्यातून फुटलेले राज्य दक्षिणेतल्या लहान गावातल्या खुनाच्या गोष्टीसाठी पुरेसे दक्षिणेकडचे आहे. लष्कराच्या सोडून दिलेल्या गोळीबाराच्या मैदानावर दोन सैनिक सुटीच्या दिवशी हिंडत आहेत. एकाला झाडाझुडपांची नोंद ठेवण्याचा छंद, दुसरा जुन्या गोळ्यांचे शिसे गोळा करून त्याची शिल्पे करणारा. त्या दुसऱ्याला मातीत माणसाची हाडे सापडतात, हाडाच्या बोटात एक अंगठी, आणि थोड्या वेळाने जवळच गंजलेला शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाचा, बिल्ला. सध्याचा शेरीफ सॅम डीड्स (ख्रिस कूपर) याच्या लक्षात येते की हा सांगाडा चार्ली वेडचा असावा. वेड (क्रिस क्रिस्टॉफरसन) हा लाचखोर आणि खुनशी शेरीफ 1957 मध्ये एका रात्री नाहीसा झाला होता. त्याच्या जागी आलेला शेरीफ म्हणजे सॅमचा दिवंगत बाप बडी डीड्स (मॅथ्यू मॅकॉनहे). गावाचे दैवत, ज्याच्या नावाने कोर्टाच्या इमारतीचा सोहळा थोड्याच दिवसांत व्हायचा आहे.

आता तुमचा पहिला आक्षेप: बडीवरचा संशय फार लवकर येतो. येतोच, आणि तो लवकर यावा अशीच योजना आहे. सांगाडा कोणाचा हा प्रश्न काही मिनिटांत संपतो, मारले कोणी याचे संभाव्य उत्तर पाठोपाठ मिळते, आणि मग एक वेगळाच प्रश्न डोके वर काढतो: आपला बाप खुनी ठरावा असे या मुलाला इतके का वाटते? सॅमचा बापावर जुना राग आहे. शाळेत असताना त्याचे पिलार (एलिझाबेथ पेन्या) या मेक्सिकन वंशाच्या मुलीवर प्रेम होते, आणि बडीने एका रात्री ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये, म्हणजे गाडीत बसून सिनेमा पाहण्याच्या उघड्या मैदानात, गाडीतून दोघांना ओढून काढून ते प्रकरण मोडले. सॅम, पिलार आणि आपणही त्याचा अर्थ एकच लावतो की गोऱ्या शेरीफला मेक्सिकन सून नको होती. पिलारची आई मर्सेडीस हिलाही ते नाते नको होते, त्याचेही आपण असेच काहीतरी कारण मनाशी ठरवून मोकळे होतो.

येथे सेल्स यांनी जे केले आहे ते मी नव्या संकलकांना पुन्हा पुन्हा दाखवतो. त्यांनी एक कोडे टेबलावर मांडले आणि दुसरे कोडे आहे हे कोणाला सांगितलेच नाही. ज्या गोष्टीचे कारण आपल्याला माहीत आहे असे वाटते, तिचा शोध आपण घेत नाही. चित्रपटाच्या शेवटी कळते की पिलारचा तथाकथित बाप एलादिओ क्रूझ हा तिच्या जन्माच्या दीड वर्ष आधीच मेलेला होता, मर्सेडीस आणि बडी यांचे अनेक वर्षे संबंध होते, आणि सॅम व पिलार एकाच बापाची मुले आहेत. म्हणजे तुम्हाला मध्येच घुसवलेली वाटलेली प्रेमकथा हेच मुख्य रहस्य होते आणि सांगाडा त्याच्या दाराशी बसवलेला होता. ती प्रेमकथा कापली तर एक बऱ्यापैकी पोलिसकथा उरेल, आणि तिचा निकाल तुम्ही म्हणता तसा अर्ध्या तासात लागेल.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. लहान गावाच्या रहस्यपटात तपास म्हणजे शेवटी एकामागून एक माणसांकडे जाणे आणि बोलणे, त्याला इलाज नसतो. अशा प्रसंगांची माळ कंटाळवाणी होते ती प्रत्येक साक्षीदार फक्त माहिती देऊन जातो तेव्हा. ‘लोन स्टार’मध्ये जो कोणी बोलतो तो काही देतो आणि त्याच हाताने काही राखतो, आणि राखलेल्या भागाची जाणीव आपल्याला पहिल्यांदा होत नाही.

सुरुवातीचा हॉलिसचा प्रसंग पाहा. हॉलिस (क्लिफ्टन जेम्स) आता गावाचा महापौर आहे. 1957 मध्ये तो वेडच्या हाताखालचा डेप्युटी होता. गावातल्या मेक्सिकन उपाहारगृहात बसून तो शेकडो वेळा सांगितलेला किस्सा पुन्हा सांगतो: तरुण बडीने लाचेची वसुली करायला नकार दिला, भर टेबलावर वेडला आव्हान दिले, आणि त्या रात्रीनंतर वेड कोणाला दिसला नाही, काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) 10,000 डॉलरही त्याच्याबरोबर गेले. किस्सा सुरू होताना कॅमेरा टेबलावरच्या टॉर्टियांच्या (मेक्सिकन पोळ्यांच्या) टोपलीकडे उतरतो. एक हात टॉर्टिया उचलतो, खाली दडवलेल्या नोटा काढतो, कॅमेरा त्या हातावरून वर चढतो, आणि समोर चार्ली वेड बसलेला असतो. साल 1957. कट नाही, डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणे) नाही, पडदा धूसर होणे नाही. त्या टेबलावर तरुण हॉलिसही बसला आहे, खाली मान घालून, आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही, कारण बडी आणि वेड एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलेले असतात.

वेडला मारणारा हॉलिसच होता हे दोन तासांनी कळते. तो प्रसंग पुन्हा काढून पाहा. माझ्या आठवणीप्रमाणे त्याच्या किश्श्यात, ते पैसे वगळता, उघड खोटे असे जवळजवळ काही नाही. तो फक्त जरा लवकर थांबतो. खुनी माणूस पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत, चारचौघांत, जेवताना, स्वतःच्या तोंडाने खुनाच्या दिवसाची हकीकत सांगतो आणि सगळे हसतात. रहस्य दडवण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. हा प्रसंग लांब आहे अशी तक्रार मी ऐकली आहे, आणि तो छोटा केला असता तर पहिला कात्रीचा घाव हॉलिसच्या त्या घोळवून सांगण्यावरच बसला असता.

बाकीच्या साक्षीदारांबद्दल थोडक्यात. एक म्हातारी विधवा हातातल्या छोट्या व्हिडिओ गेमवरची नजर न काढता जुन्या काळाबद्दल बोलते. रस्त्याकडेला फुटकळ वस्तू विकणारा एक मूलनिवासी म्हातारा बडीच्या आयुष्यात दुसरी बाई होती हे सहज बोलून जातो. सीमेपलीकडचा टायरवाला चुचो मोन्तोया कोकच्या बाटलीने धुळीत एक रेघ ओढतो आणि सॅमला ती ओलांडायला सांगतो. आता तू शेरीफ नाहीस, नुसता एक परका माणूस आहेस, असे त्याला सुनावतो आणि मगच एलादिओचा मृत्यू सांगतो. वेडने एलादिओला पुलावर अडवले, बंदुकीची चौकशी केली, आणि ती दाखवायला त्याचा हात गेल्याबरोबर गोळी घातली. डेप्युटी हॉलिस तेथे उभा राहून पाहत होता.

या चुचोच्या प्रसंगावर तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, की तो ‘माहितीपर’ असून दोन मिनिटांत उरकता आला असता. मला ते पटत नाही. शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये वेड हीच युक्ती ओटिस पेनवर करू पाहतो. ओटिस हा कृष्णवर्णीय बारवाला. वेड त्याला ठेवलेले पिस्तूल काढून आणायला सांगतो, म्हणजे पाठोपाठ प्रतिकाराचे निमित्त करून मारता येईल. त्या क्षणी बडी दारात असतो, पण आपल्याच साहेबावर गोळी झाडतो तो हॉलिस. एरवी घाबरट दिसणाऱ्या या माणसाने ते का केले, याचे एका शब्दाचेही स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, कारण गरज नसते: त्याने हे सोंग पुलावर एकदा पाहिले आहे आणि आपणही पाहिले आहे. पुलावरचा प्रसंग आपल्या डोळ्यांसमोर पुरेसा वेळ राहिला नसता तर शेवटी हॉलिसला एखादे लांबलचक कबुलीजबाबाचे भाषण द्यावे लागले असते. संकलनात असा हिशेब नेहमी असतो. आधी वाचवलेली दोन मिनिटे नंतर चार मिनिटांच्या संवादांनी भरावी लागतात.

कट न देता भूतकाळात जाण्याविषयी तुम्ही वेगळे विचारले आहे. हे काम संकलनात होत नाही, चित्रीकरणातच करावे लागते. कॅमेरा टोपलीवर असताना चौकटीबाहेर आजचे नट उठून जातात, कालचे नट येऊन बसतात, दिव्यांचा रंग आणि जोर बदलतो, आणि सगळे त्या काही सेकंदांत आवाज न करता व्हावे लागते. छायाचित्रण स्टुअर्ट ड्रायबर्ग यांचे होते. या चित्रपटाचे संकलक स्वतः सेल्स होते याचे मला अधिक कौतुक वाटते, कारण कुठे कापायचे हे ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे होता त्याने तो टेबलावर येण्याआधीच सोडून दिला. गावात कालचा आणि आजचा दिवस एकाच खोलीत बसलेले असतात, एवढे त्यातून कळते. परंतु तुमचे चित्रीकरण संपले आहे, तुमच्याकडे असे शॉट नाहीत, आणि दोन वेगळे शॉट संगणकावर जोडून तसा भास करण्याचा मोह टाळा. जोड दिसतो, आणि मग प्रेक्षक गोष्ट सोडून जोड शोधत बसतो. साधा कट द्या.

आता तुमचा मुख्य आक्षेप, खुनाशी संबंध नसलेल्या प्रसंगांचा. शाळेत इतिहास कसा शिकवावा यावर पालकांची भांडणे, बंद होऊ घातलेला लष्करी तळ आणि त्याचा नवा प्रमुख कर्नल डेलमोर पेन (जो मॉर्टन), त्याने वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेला बाप ओटिस आणि त्या बापाच्या बारमागच्या खोलीतले कृष्णवर्णीय सेमिनोल लोकांचे (सेमिनोल ही अमेरिकेतली मूलनिवासी जमात) घरगुती संग्रहालय. यांतला एकही प्रसंग तपास पुढे नेत नाही हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे.

तरीही यांतले काहीच मी कापले नसते, आणि त्याचे कारण त्या भूमीच्या इतिहासात आहे. टेक्सासमध्ये शेरीफ हा नेमलेला अधिकारी नसतो, काउंटीचे मतदार त्याला निवडून देतात. राज्यातल्या निवडणुकांत मत द्यायचे तर 1966 पर्यंत पोल टॅक्स भरावा लागे, आणि दक्षिण टेक्सासात स्थानिक पुढारी गरीब मेक्सिकन मतदारांचा तो कर भरून त्यांची मते बांधून ठेवत. हे कळले म्हणजे बडीची दंतकथा म्हणजे नक्की काय हे कळते. तो वेडसारखा रक्तपिपासू नव्हता, पण तोही एक पुढारीच होता. कैद्यांकडून स्वतःच्या घराचे काम करून घेणारा, तळ्यासाठी एक वस्ती उठवणारा, आणि त्याच वेळी अडल्यानडल्याला उपयोगी पडणारा. गावाला तो हवा होता. गोऱ्यांना सत्ता टिकवायला, मेक्सिकन लोकांना वेडपासून सुटका म्हणून, आणि ओटिसला तर जीव वाचला म्हणून. सांगाडा इतकी वर्षे मातीत राहिला तो तिघांनी पुरला म्हणून आणि बाकीच्यांनी विचारले नाही म्हणून. शाळेतले भांडण त्याच विषयावर आहे: टेक्सास मेक्सिकोपासून फुटून निघताना झालेल्या अलामोच्या 1836 च्या लढाईची कोणाची हकीकत मुलांना सांगायची. पिलार तेथे इतिहासाची शिक्षिका आहे, आणि स्वतःच्या जन्माचा इतिहास तिला ठाऊक नाही. सेल्स हे कोणाच्याही तोंडून वदवून घेत नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सेमिनोल संग्रहालयाबद्दल आणखी थोडे, कारण तो माझा आवडता कोपरा आहे. हे लोक कल्पनेतले नाहीत. फ्लॉरिडात सेमिनोलांबरोबर राहिलेले पळालेले गुलाम आणि त्यांचे वंशज पश्चिमेकडे हाकलले गेले, तेथे पुन्हा गुलामगिरीत ओढले जाण्याची भीती म्हणून 1850 च्या सुमारास त्यांच्यातले अनेक जण मेक्सिकोत गेले, आणि 1870 पासून त्यांतलेच काही अमेरिकी सैन्याचे वाटाडे म्हणून टेक्सासात परतले. डेल रिओजवळच्या ब्रॅकेटविल येथे त्यांचे वंशज आजही आहेत. ओटिस आपल्या नातवाला ही सगळी माहिती सांगतो तो प्रसंग वरवर माहितीपटासारखा आहे. पण नातू ज्या आजोबाला प्रथमच भेटतो आहे, त्याच्या तोंडून त्याला रक्ताची, सीमा ओलांडण्याची आणि नाव बदलून जगण्याची गोष्ट कळते; सॅमच्या वाट्याला येणारी बातमी याच जातीची आहे, फक्त जास्त कडू. दोन बाप, दोन मुलगे. डेलमोरला बापाच्या घरात स्वतःच्या कारकिर्दीची जपून ठेवलेली कात्रणे दिसतात, सॅमला दुसऱ्या बाईने बापाला लिहिलेले पत्र सापडते.

एक छोटीशी उपकथा मात्र मला आजही सैल वाटते, ती म्हणजे तळावरच्या सैनिकांच्या प्रेमाची. सॅमच्या पूर्वपत्नीचा एकच प्रसंग आहे, फुटबॉलने झपाटलेल्या बाईचा. तोही कागदावर कापण्याजोगा होता, पण फ्रान्सेस मॅकडॉर्मंड यांनी तो असा केला आहे की कोणाची हिंमत होणार नाही. त्याच वर्षी दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, आणि ‘लोन स्टार’चे पटकथेचे नामांकन त्याच दुसऱ्या चित्रपटापुढे हरले. असो.

तुम्ही संथपणाचे श्रेय दक्षिणेतल्या उन्हाला आणि वातावरणाला दिले आहे, त्याबद्दल सावध करतो. वातावरण बनवता येते. मिसिसिपीतल्या खुनाची गोष्ट सांगणारा 1967 चा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ घ्या. सिडनी पॉइटिये यांना दक्षिणेत चित्रीकरण करणे सुरक्षित वाटत नव्हते, म्हणून तो मुख्यतः इलिनॉयमधल्या स्पार्टा या गावी चित्रित झाला, आणि कापसाच्या मळ्याच्या दृश्यांपुरते ते टेनेसीत गेले. हवा थंड होती. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून नटांना तोंडात बर्फाचे तुकडे धरावे लागत. पडद्यावर मात्र आपल्याला घाम फुटतो. तो चित्रपट बाहेरून आलेल्या तपासनिसाचा आहे, त्यामुळे प्रत्येक प्रसंगात गाव त्याच्या अंगावर येते आणि वेग आपोआप मिळतो. तुमचा नायक गावचाच आहे. त्याच्या अंगावर कोणी येणार नाही, सगळे त्याला चहा पाजतील. म्हणून तुमचे काम अधिक अवघड आहे, आणि पावसाच्या थेंबांचे व धुक्याचे शॉट वाढवून ते सोपे होणार नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी अशाच एका चित्रपटात एक प्रसंग होता: हवालदार एका म्हातारीला तिच्या बेपत्ता जावयाबद्दल विचारायला येतो, आणि ती ओसरीवर वाल सोलत बसली आहे. सोललेला दाणा पातेल्यातल्या पाण्यात, साल सुपात, असे तिचे हात चालू असतात. मूळ प्रसंग 2 मिनिटे 40 सेकंदांचा होता. निर्मात्याला तो लांब वाटला, मलाही वाटला, आणि मी फक्त प्रश्नोत्तरे ठेवून तो 55 सेकंदांवर आणला. दिग्दर्शकाने नाइलाजाने मान्य केले. पुढच्या खेळाला आलेल्या लोकांनी नेमका तोच भाग रेंगाळतो असे सांगितले, तेव्हा मला काही सुचेना. मूळ फुटेज पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की जावयाचे नाव निघाल्यावर म्हातारीने सोललेला दाणा सुपात टाकला होता आणि साल पाण्यात. त्या नटीने ते मुद्दाम केले होते की तिचा हात चुकला होता, देव जाणे. पण तो एक दाणा हाच त्या प्रसंगातला प्रश्न होता, आणि तो दिसायचा तर आधी वीसेक दाणे बरोबर पडताना दिसायला हवे होते. मी प्रश्न काढला आणि उत्तरे ठेवली होती. प्रसंग 2 मिनिटे 10 सेकंदांवर परत नेला, आणि लांबीबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

म्हणून तुमच्या टाइमलाइनवर काम सुरू करताना आधी काही कापू नका. प्रत्येक प्रसंगासाठी एक चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर दोनच गोष्टी लिहा: हा प्रसंग संपताना प्रेक्षक काय विचारत असेल, आणि बोलणाऱ्याने काय राखून ठेवले. चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने लावा. सलग तीन चिठ्ठ्यांवर तोच प्रश्न आला तर त्या तिघांपैकी एक प्रसंग जादा आहे. राखलेले काही नसेल तर तो प्रसंग नुसती बातमी देतो आहे, आणि बातमी दुसऱ्या प्रसंगातल्या एका वाक्यात बसते. पुरलेल्या रहस्यांच्या गोष्टीत हे दोन निकष मला तरी वेगापेक्षा जास्त उपयोगी पडले आहेत.

मध्यंतराचा विचार वेगळा करावा लागेल, कारण येथे ‘लोन स्टार’ तुमच्या मदतीला येत नाही. त्याची बांधणी न थांबता पाहण्यासाठी आहे. आपल्याकडे चित्रपटगृहात तो थांबणारच, आणि लोक बाहेर जाऊन चहा पिताना खुनी कोण यावर पैजा लावणार. त्या पैजा लागू द्या. मध्यंतराआधी नवा संशयित आणू नका, कारण परत आल्यावर लोक नुसती यादी तपासत बसतात; त्याऐवजी आधीच ओळखीच्या माणसाबद्दल एक गोष्ट अशी दाखवा जिचा खुनाशी संबंध आहे की नाही हे कळत नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रसंगक्रमात नायकाच्या आईने जुनी ट्रंक कुलूपबंद करण्याचा प्रसंग मध्यंतरानंतर चौथा आहे. तो आधी आणून पाहा.

शेवटाबद्दल तुम्ही विचारले की पोलिसांनी खुन्याला नेलेले दाखवावे का. सॅम सत्य कळल्यावर काहीच करत नाही. हॉलिस आणि ओटिस यांना तो तसेच सोडतो आणि गावाने बडीलाच खुनी मानले तरी मानू देतो, कारण बडीची दंतकथा तेवढा भार सहज पेलेल. ते 10,000 डॉलर विधवा झालेल्या मर्सेडीसला उपाहारगृह काढायला दिले गेले होते, हेही त्याला तेव्हाच कळते. नंतर तो आणि पिलार ओसाड ड्राइव्ह-इनमध्ये फाटक्या पडद्यासमोर बसून आपले नाते समजून घेतात आणि तरीही एकत्र राहायचे ठरवतात. हा शेवट त्याच चित्रपटाला शोभतो, कारण इतिहास कोणाचा हा प्रश्न तो पहिल्यापासून विचारत आला होता. तुमच्या चित्रपटात मेलेल्या मुलीची बहीण जिवंत आहे आणि ती तीस वर्षे वाट पाहते आहे. तुमच्या नायकाने गप्प राहणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. पोलिसांची गाडी दाखवू नका हवे तर, पण तिला कळले आहे हे दाखवा.

आणि 18 मिनिटांचे म्हणाल, तर तुमच्या प्रसंगक्रमावरून मला गावावरून उडणाऱ्या ड्रोनचे सहा शॉट, नायक मोटारसायकलवरून विचार करत जातो ते तीन प्रवास, आणि शवविच्छेदनाचा अहवाल दोनदा वाचला जातो त्यातला दुसरा प्रसंग, एवढे बिनधोक निघेल असे वाटते. त्यात आठ-नऊ मिनिटे जावीत. मग चिठ्ठ्या लावा, मध्यंतर हलवा, आणि ज्यांनी आधी पाहिलेला नाही अशा दहा-बारा जणांना दाखवा. उरलेल्या मिनिटांबद्दल वितरकाशी त्यानंतर बोला, तोपर्यंत त्यांना फक्त नवी लांबी कळवा, कोणते प्रसंग गेले ते कळवू नका.